ओठावरचा जर

सुगंधाकाकीचा हात मी धरला, एवढं खरं आहे. तिला ढकललं, तिच्या अंगावर धावून गेले, असं सध्या आमच्या नातेवाइकांत बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत जे फिरतंय ते खोटं आहे. मी फक्त तिचं मनगट धरलं, आणि तेसुद्धा तिचं बोट कुठून निघून कुठे चाललंय ते दिसल्यामुळे.

बोट आधी माझ्या ओठावर आलं होतं. तिथून ते तेलाच्या वाटीत गेलं आणि वाटीतून बाळाच्या टाळूकडे निघालं होतं.

बाळ म्हणजे माझ्या भावाचा, सुशांतचा मुलगा. तेव्हा जेमतेम आठवड्याचा. नीलमवहिनीच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून बाळंतपण तिच्या माहेरी न होता आमच्याकडे, गोराईच्या म्हाडातल्या घरात होत होतं. बाळ-बाळंतिणीचं करायला काकी मालवणहून आली होती. येताना घरच्या नारळांचं, घाण्यावर काढलेलं खोबरेल बाटल्या भरून घेऊन आली. रोज सकाळी ती पाय पसरून बसायची, बाळाला पायांवर घ्यायची, शेजारी तेलाची वाटी ठेवायची आणि बोटांनी थोडं थोडं तेल त्याच्या टाळूवर थापत राहायची. तेल हळूहळू मुरायचं आणि बाळाचे डोळे मिटायला लागायचे. कामावर निघण्याआधी मी तिथे बसून हे बघत राहायचे.

त्या दिवशी उठल्यापासून माझ्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यात मुंग्या येत होत्या. आरशात बघितलं तर लालसर चट्टा आणि त्यावर मोहरीच्या दाण्यांसारखे फोड. आमच्या घरात ह्याला जर म्हणतात, कारण बहुतेक वेळा तो ताप येऊन गेला की उठतो. मला तो दहावीच्या परीक्षेत उठला होता, एमेस्सीच्या तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी उठला होता. जागरण झालं की उठतोच. आणि बाळ आल्यापासून आमच्या घरात झोपतंय कोण?

मी दाराशीच उभी राहिले आणि काकीला म्हटलं, आज मी आत येत नाही, जर आलाय. तिने कुठे, बघू, असं विचारलं म्हणून मी जरा वाकून तोंड दाखवलं. एवढ्यात तिचं तेलाने माखलेलं बोट माझ्या फोडांवरून फिरलंसुद्धा.

"उद्याक सुकतलो बघ," ती म्हणाली, आणि बोट परत वाटीत.

पुढचं सांगितलंच. मी मनगट धरलं, वाटी उचलली, तेल मोरीत ओतलं आणि काकीला साबणाने हात धुवून यायला सांगितलं. माझा आवाज चढला होता, ते मान्य. पण ज्या बाईने आयुष्यात निदान वीस बाळंतपणं केली तिला हात धुवायला सांगणं, आणि तिच्या घरच्या नारळांचं तेल मोरीत जाणं, ह्या दोन गोष्टींपुढे बाकी सगळं फिकं पडलं. बोटाबद्दल कोणी विचारलंच नाही.

संध्याकाळी सुशांत आल्यावर मी सगळ्यांना बसवून नीट सांगितलं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे आणि अंधेरीच्या एका औषध कंपनीत, मलमं आणि सिरपं निर्जंतुक आहेत की नाहीत हेच तपासायचं काम करते. त्यामुळे मला वाटलं होतं, ह्या एका विषयावर तरी घरात माझं ऐकतील. मी सांगितलं की जर एका विषाणूमुळे होतो. लहानपणी कोणीतरी मुका घेताना तो आपल्याला देतं, मग तो जन्मभर मज्जातंतूत दडून बसतो आणि अधूनमधून ओठावर येतो. मोठ्या माणसाला त्याने चार दिवस झोंबण्यापलीकडे काही होत नाही. पण काही दिवसांच्या बाळाला तो झाला तर अंगभर पसरू शकतो, मेंदूपर्यंत जाऊ शकतो. फोडातलं पाणी, थुंकी, ते लागलेलं बोट, एवढं पुरतं.

"आमच्या घरात सगळ्यांका जर येता," काकी आईकडे बघून म्हणाली. माझ्याशी ती बोलत नव्हती. "कोण मेला?"

आई म्हणाली, तेच ना. सुशांत मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "सगळ्या गोष्टीत लॅब नको आणूस यार. घर आहे हे."

मी वहिनीला विचारलं, तुला कधी जर उठलाय का? ती म्हणाली, नाही, मला नाही आणि माझ्या माहेरी कोणालाच नाही. ह्यानेच माझी काळजी वाढली. बाळाच्या आईला हा विषाणू आधी होऊन गेला असेल तर तिच्याकडून बाळाला थोडं तरी संरक्षण मिळालेलं असतं. वहिनीला झालाच नसेल तर बाळाकडे तेही नाही. हे मी सांगितलं तेव्हा वहिनीने मला एकच विचारलं, की खरंच काही होण्याची शक्यता किती?

मी खरं उत्तर दिलं. म्हटलं, शक्यता कमी आहे, पण झालं तर फार वाईट असतं.

"बघ, तीच म्हणतेय कमी आहे," सुशांत म्हणाला, आणि विषय संपला. माझ्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग जणू कोणाला ऐकूच गेला नव्हता.

त्यानंतर घरात माझ्या ओठावर इलाज सुरू झाले. आईने तूप दिलं. समोरच्या शुभामावशींनी टूथपेस्ट लावायला सांगितली, वर चुन्याचं बोट फिरव म्हणाल्या, म्हणजे लगेच करपेल. करपेल हे मात्र खरं, कातडीसकट. ओठावर काही लावायला माझा विरोध नव्हता. खपली तडकू नये म्हणून काकीचं खोबरेलसुद्धा चांगलंच आहे, फक्त ते वेगळ्या बाटलीत आणि कापसाच्या काडीने लावायला हवं. मी तसंच करत होते. मुंग्या यायला लागल्या त्याच दिवशी केमिस्टकडून विषाणूवरचं मलम आणलं होतं. ठणका फार झाला की स्वच्छ रुमालात बर्फ गुंडाळून थोडा वेळ धरायचे. लोणचं, लिंबू, तिखट बंद. माझा कप, टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा. खपलीला हात लावायचा नाही, चुकून लागलाच तर आधी हात धुवायचे. बाळाच्या खोलीत पाय ठेवायचा नाही.

ह्यातली शेवटची गोष्ट सगळ्यांना खुपली. हॉस्पिटलात वहिनीनंतर बाळाला पहिल्यांदा मी घेतलं होतं. त्याची दुपटी मी घडी करून ठेवायचे. आता मी दुपट्याला हात लावत नव्हते, तर घरात त्याचं कारण शोधायला सुरुवात झाली. कारण माझ्या ओठावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पण त्यांना दुसरंच सापडलं. मी बाळासाठी अनिरुद्ध नाव सुचवलं होतं. सुशांतला ते लांबलचक वाटलं, त्याने देवेश ठरवलं. झालं. आई फोनवर मावशीला सांगत होती की प्रांजल रुसलीय, नाव ठेवलं नाही ना तिच्या पसंतीचं, आता भाच्याला हातसुद्धा लावत नाही.

मी हॉलमध्येच बसले होते. ऐकू येईल अशा आवाजातच ती बोलत होती.

त्याआधी, गुरुवारीच, मी सुशांतला म्हटलं होतं, माझं जाऊ दे, बाळाच्या डॉक्टरांना विचार. तो गॅलरीत गेला, फोन केला, आत आला आणि म्हणाला, डॉक्टर म्हणाले घाबरायचं काही कारण नाही. मी विचारलं, आणखी काय म्हणाले? तो म्हणाला, आणखी काय म्हणणार. मी म्हटलं, जवळ जाऊ देऊ नका, मास्क लावा, बाळ दूध प्यायचं कमी झालं किंवा अंग तापलं तर लगेच आणा, असं काहीच नाही म्हणाले? त्यावर त्याने मला विचारलं की डॉक्टर तू आहेस की ते.

खरा प्रश्न बारशाचा होता. बारसं रविवारी. तोपर्यंत फोड फुटून खपली धरलेली असणार, पण पडलेली नसणार. आणि नाव बाळाच्या कानात सांगायचं असतं आत्याने. सख्खी आत्या मी एकटीच. मी आईला म्हटलं, काकीची चेतना मुलुंडला आहे, तीही आत्याच लागते, तिला सांगू दे. आई म्हणाली, सख्खी असताना चुलत कशाला, लोक विचारतील. मग मी म्हटलं, बारसं पुढे ढकलू, हल्ली कोण बाराव्या दिवशी करतं. तर म्हणे हॉल बुक झालाय. शेवटी मी म्हटलं, ठीक आहे, मास्क लावून लांबून सांगते, पण बुक्के नकोत.

बुक्क्यांचं असं आहे की आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करते आणि नाव सांगते, त्या वेळी मागे उभ्या असलेल्या बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात. गंमत म्हणून घालतात, पण जोरात घालतात. वाकलेल्या माणसाच्या पाठीवर चार-पाच जणींनी एकदम बुक्के मारले तर त्याचं तोंड कुठे जाईल हे समजायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. खाली बाळाचा गाल असतो.

"बुक्के नाहीत तर बारसं कसलं गं," आई म्हणाली. "लिपस्टिक लाव गडद. कोणाला दिसणार पण नाही."

मी म्हटलं, दिसण्याबद्दल मी बोलतच नाहीये. आईला ते कळलं नाही. आजवर ज्यांच्या ज्यांच्याशी मी ह्या विषयावर बोलले त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाला तो दिसण्याचाच प्रश्न वाटला.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये पाळणा सजवला होता. मी मास्क लावून कोपऱ्यात, पंख्याखाली उभी होते. येणारी प्रत्येक बाई आधी बाळाकडे जायची, मग माझ्याकडे बघायची. कोविड परत आला का गं, असं दोघींनी विचारलं. शुभामावशींनी तिसरीला सांगितलं की हिच्या ओठावर काहीतरी झालंय. तिसरीने मला डोळा मारला आणि कोण चावलं ते विचारलं, आणि तिघी हसल्या. मला वाईट ह्याचं वाटलं की मास्कखाली लाजेचं काहीतरी आहे ह्यावर सगळ्यांचा चटकन विश्वास बसला. बाळाला धोका होईल असं काही आहे, ह्यावर एकीचाही नाही.

आधी वरवंटा होता. काकीने पाट्यावरचा छोटा वरवंटा घासूनपुसून, दुपट्यात गुंडाळून, त्याला बाळाचं पांढरं टोपडं घातलं होतं. दोन बाजूंना उभ्या राहिलेल्या बायकांनी तो पाळण्याच्या वरून आणि खालून एकमेकींना दिला, कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या म्हणत, आणि मग पाळण्यात निजवला. आता तो काढून तिथे बाळाला निजवायचं आणि मला बोलवायचं. आईने मला हाक मारली. मी हलले नाही. आई तरातरा आली, माझा दंड धरला आणि चालत चालतच माझा मास्क खाली ओढला. म्हणाली, फोटोत काय दिसेल हे.

मास्कची कड खपलीत अडकली होती. खपलीचा कोपरा उचकटला. मला ओठावर ओलं लागलं.

वहिनी पाळण्याच्या पलीकडे बाळाला घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. मग ती उठली.

"आई, ह्याला भूक लागलीय," ती म्हणाली. "मी आत नेते."

आई म्हणाली, अगं नाव तरी होऊ दे, दोन मिनिटं. बाळ खरं तर रडतही नव्हतं. पण भूक लागलीय म्हणणाऱ्या बाळंतिणीला अडवायची हिंमत भर बारशात कोणाला होणार? वहिनी बाजूच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला.

मुहूर्त टळत होता. पाहुणे ताटकळले होते. सुशांत दारापाशी जाऊन नीलम, नीलम करून आला. तेवढ्यात शुभामावशी म्हणाल्या की पाळणा रिकामा कुठे आहे, गोपाळराव आहेत की आत, त्यांनाच सांगा नाव, बाळाला मागाहून कळेल. सगळ्यांना हसू आलं आणि सगळ्यांची सुटका झाली. आईलाही ते पटलं. मलाही पटलं, कारण दगडाला कशाचीही लागण होत नाही.

मी वाकले. टोपड्याच्या कानापाशी तोंड नेलं. कुर्रर्र केलं, देवेश म्हटलं, आणि पाठीत बुक्के बसले. आधी दोन, मग बरेच. त्यांतला एक माझ्या मणक्यावर इतक्या जोरात बसला की पाळणा पुढे सरकला, माझे हात काठावरून सुटले आणि मी तोंडावर पडले. ओठ वरवंट्यावर आपटला. दात ओठात घुसले.

मी वर बघितलं तेव्हा अजून हशा चाललाच होता. मग हळूहळू थांबला. वरवंट्याच्या टोपड्यावर, जिथे गाल असतो तिथे, रुपयाएवढा लाल डाग होता आणि कापडात पसरत चालला होता. पुढे वाकून बघणाऱ्या बायका मागे सरकल्या. मला वाटलं, आता तरी कोणी म्हणेल, हे बाळाच्या गालावर पडलं असतं.

"लिपस्टिक आहे," सुशांत पाहुण्यांना म्हणाला. "लिपस्टिक लागली. चला, पेढे घ्या सगळ्यांनी."

"मी लिपस्टिक लावलेली नाही," मी म्हटलं.

माझ्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. तरीही शुभामावशींनी मान डोलावली, हो, लिपस्टिकच, आणि पेढ्यांचं ताट फिरायला लागलं. आईने माझ्या हातात रुमाल कोंबला आणि हळूच म्हणाली की तोंड धुवून ये, सगळे बघतायत. एवढंच. मी तिला काय सांगत होते, कशासाठी गेले चार दिवस सगळ्यांशी भांडत होते, ते त्या पांढऱ्या टोपड्यावर तिच्यासमोर पडलं होतं, आणि तिला काळजी होती ती बघणाऱ्यांची.

काकी मात्र पाळण्यापाशीच थांबली होती. तिने वरवंट्याचं टोपडं काढलं, डाग आत जाईल अशी त्याची घडी केली.

"ह्या उकळत्या पाण्यात घालूक व्हया," ती म्हणाली. माझ्याकडे बघून नाही. मग ती नळाकडे गेली. साबणाने हात धुताना मी तिला बघितलं, बराच वेळ धूत होती. ती अजूनही माझ्याशी बोलत नाही, आणि मनगट धरल्याची गोष्ट मुलुंडला तिच्याकडूनच पोचलीय.

मी तोंड धुतलं, नवीन मास्क लावला आणि बाजूच्या खोलीच्या बंद दाराशी जाऊन उभी राहिले. हळू आवाजात म्हटलं, वहिनी, मी आहे. आत येत नाही.

"झालं का?" तिने आतून विचारलं.

मी म्हटलं, झालं. वरवंट्याचं नाव देवेश ठेवलं. ती हसल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "लागलं का तुला फार?"

मी विचारलं, त्याला खरंच भूक लागली होती का?

"छे. झोपलाय." ती म्हणाली, "मी गुरुवारी डॉक्टरांना फोन केला होता. यांनी केला त्याच संध्याकाळी. ते म्हणाले, मी तुमच्या मिस्टरांना सगळं सांगितलंय. खपली पडून कातडी नीट होईपर्यंत बाळाला अजिबात जवळ देऊ नका. बाळ दूध पीत नाही असं वाटलं तर रात्रीसुद्धा फोन करा म्हणाले."

गुरुवारी. म्हणजे शुक्रवारी आई फोनवर मावशीला माझ्या रुसण्याबद्दल सांगत होती तेव्हा वहिनीला माहीत होतं. शनिवारी लिपस्टिकवरून वाद झाला तेव्हा ती तिथेच, दाराच्या आड बाळाला पाजत बसली होती. तेव्हाही माहीत होतं. सुशांतवर, आईवर, काकीवर मी चिडले होतेच, पण ह्या बाईवर चिडण्याचं कारण मला आजवर मिळालं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस?" मी दाराला तोंड लावून विचारलं. "एकदा तरी बोलायचं होतंस. सगळ्यांसमोर."

ती बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत असावी, तसा आवाज येत होता.

"तू बोलत होतीस ना," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर, शास्त्रशुद्ध. त्याने काय झालं?"

हॉलमध्ये सुशांत कोणालातरी हसत हसत सांगत होता की पोराची आत्या जरा नाटकी आहे. मी दाराला पाठ लावून तिथेच खाली बसले, म्हणजे वहिनी स्वतः कडी काढेपर्यंत कोणी तिला ती काढायला लावणार नाही.